विश्लेषण : पोहता येत नाही, तरी स्कूबा डायव्हिंग? मालवणच्या समुद्रात उतरण्याआधी काय माहीत असावे?

मौद्याहून मालवण रस्त्याने हजारएक किलोमीटर. कन्हानच्या काठावरून निघालेली कुटुंबे दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत तिथे पोहोचतात, तेव्हा यादीत सिंधुदुर्ग किल्ला आणि मालवणी जेवणाच्या जोडीला ‘स्कूबा’ हा शब्द असतोच. जेटीवर उतरताच विचारणा सुरू होते, मोबाइलवर व्हिडीओ दाखवले जातात आणि पाच-दहा मिनिटांत हो किंवा नाही ठरवावे लागते. अनेकांनी तर समुद्रच पहिल्यांदा पाहिलेला असतो. पोहता येत नाही, चालेल का? कान दुखतील का? बाबांना रक्तदाब आहे, त्यांना नेता येईल का? या प्रश्नांची उत्तरे जेटीवरच्या घाईत मिळत नाहीत. ती घरून निघण्याआधीच माहीत असलेली बरी.

नवशिक्यांचे स्कूबा म्हणजे नेमके काय?

‘स्कूबा’ हे ‘सेल्फ कंटेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग अपॅरेटस’ या इंग्रजी नावाचे लघुरूप. सोप्या शब्दांत, पाण्याखाली श्वास घेण्यासाठी स्वतःबरोबर नेलेली हवा. फ्रान्सचे जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये मागणीनुसार हवा सोडणारी झडप वापरात आणली आणि आजच्या स्कूबाचा पाया घातला. पाणबुड्याने श्वास घेतला की झडप उघडते आणि आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तोंडात येते. तोंडात धरायच्या या भागाला ‘रेग्युलेटर’ म्हणतात.

टाकीला सगळे ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हणतात, पण तिच्यात शुद्ध ऑक्सिजन नसतो. आपण एरवी घेतो तीच हवा गाळून, दाबून भरलेली असते. तिच्यात साधारण २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला बहुतांश नायट्रोजन. हा नायट्रोजन पुढे परतीच्या प्रवासात महत्त्वाचा ठरतो.

सुट्टीतले स्कूबा हा अनुभव असतो, प्रशिक्षण नव्हे. ‘पाडी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत अशा ओळख-डुबकीसाठी किमान वय १० वर्षे आणि खोलीची मर्यादा १२ मीटर आहे. मालवणला पर्यटकाला यापेक्षा बरेच उथळ, साधारण पाच ते आठ मीटरपर्यंत नेले जाते. तेही दहा-वीस मिनिटेच आणि मार्गदर्शकाने हात धरून. ज्यांना पुढे स्वतंत्रपणे डायव्हिंग करायचे आहे, त्यांच्यासाठी काही दिवसांचा ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रम असतो. तो पूर्ण केल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची (एमटीडीसी) ‘इस्दा’ ही स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीत आहे. तिथे असे अभ्यासक्रम चालतात आणि सरावासाठी खोल तलावही आहे.

पोहता येत नसेल तर?

ओळख-डुबकीसाठी पोहता येण्याची अट नसते. अभ्यासक्रमासाठी मात्र असते. ‘ओपन वॉटर’साठी न थांबता २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे जमावे लागते. सुट्टीतल्या डुबकीत खाली नेणे, वर आणणे, दिशा ठरवणे ही सगळी कामे मार्गदर्शक करतो. पर्यटकाने शांतपणे तोंडाने श्वास घेत राहणे आणि कान सांभाळणे एवढेच अपेक्षित असते.

तरीही ‘पोहता न आलेले चालते’ आणि ‘पाण्याची भीती असलेली चालते’ यांत फरक आहे. तोंडावर पाणी आले की गुदमरल्यासारखे होणाऱ्याला मास्क लावून, नाक बंद ठेवून, फक्त तोंडाने श्वास घेणे पहिल्या मिनिटाला अवघड जाते. त्यामुळे ज्यांना शक्य आहे त्यांनी निघण्याआधी नागपुरातील एखाद्या जलतरण तलावात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, चेहरा पाण्यात बुडवून सावकाश बुडबुडे सोडण्याचा सराव करावा. दोन-तीन दिवसांचा हा सराव बराच उपयोगी पडतो. मालवणला गेल्यावरही आधी उथळ पाण्यात किंवा नावेच्या शिडीला धरून रेग्युलेटरने श्वास घेण्याचा सराव करून घेतला जातो. तो उरकू नये. तिथे जमले नाही तर खाली जाऊन जमण्याची शक्यता कमीच.

कान का दुखतात आणि त्यावर उपाय काय?

विहिरीच्या तळाशी टाकलेले नाणे काढून आणण्याची शर्यत ज्यांनी लहानपणी लावली आहे, त्यांना हे दुखणे माहीत असते. दोन-तीन मीटर खाली गेले की कानात कळ येते. कारण पाण्याचा दाब. जमिनीवर आपल्यावर हवेचा साधारण एक वातावरणाइतका दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला तेवढाच दाब वाढतो. म्हणजे ६ मीटरवर एकूण दाब १.६ पट, १० मीटरवर दुप्पट. बाहेरून वाढलेला दाब कानाचा पडदा आत ढकलतो आणि दुखते.

उपाय सोपा आहे, पण तो वेळेवर करावा लागतो. मास्कवरून नाक चिमटीत धरायचे, तोंड बंद ठेवून नाकातून हळूच हवा सोडण्याचा प्रयत्न करायचा. घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते, कानात ‘टप्’ असा आवाज होतो आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. हे दुखू लागल्यावर नव्हे, त्याआधीच आणि प्रत्येक अर्ध्या-एक मीटरला करायचे असते. दुखलेच तर थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. जोर लावून फुंकायचे नाही. तरीही कान मोकळा होत नसेल तर डुबकी तिथेच संपवायची. ‘थोडे सहन करा’ हा सल्ला इथे चुकीचा आहे, कारण कानाचा पडदा फाटू शकतो.

सर्दी झालेल्यांनी याच कारणासाठी पाण्यात उतरू नये. नाक मोकळे करणाऱ्या औषधाचा असर पाण्याखालीच ओसरला तर वर येताना हवा कानात किंवा सायनसमध्ये अडकते. एसी बसमधून किंवा रात्रभराच्या रेल्वे प्रवासातून सर्दी घेऊन पोहोचलेल्या विदर्भातील पर्यटकांनी ही बाब विशेष लक्षात ठेवावी.

श्वास रोखून धरू नये, असे का सांगतात?

पाण्यात डोके घातले की श्वास रोखायचा, ही नदीत-विहिरीत पोहणाऱ्यांची सवय असते. स्कूबामध्ये नेमकी हीच सवय धोक्याची. दाब वाढला की हवेचे आकारमान कमी होते, दाब घटला की वाढते. रॉबर्ट बॉइल यांनी सतराव्या शतकात मांडलेला हा नियम शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. विहिरीत उडी मारणारा माणूस जमिनीवरची हवा छातीत घेऊन जातो. ती खाली दबते आणि वर आल्यावर पूर्ववत होते. स्कूबा करणारा मात्र खालीच, वाढलेल्या दाबाची हवा घेत असतो. ६ मीटरवर छातीत भरलेली ५ लिटर हवा श्वास रोखून वर आणली, तर पृष्ठभागावर ती ८ लिटर व्हायला बघते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. फुप्फुसाच्या नाजूक भिंतीला इजा होऊन हवा रक्तात शिरू शकते. भरलेली छाती घेऊन दीड-दोन मीटर वर आले तरी अशी इजा होऊ शकते. म्हणून उथळ पाणी म्हणजे धोका नाही, हा समज चुकीचा आहे.

नियम एकच : श्वास सतत, सावकाश चालू ठेवायचा आणि घाबरून स्वतःहून वर झेप घ्यायची नाही. मार्गदर्शकाला खूण करायची, तो हळूहळू वर आणतो.

फॉर्मवरील प्रश्नांना खरी उत्तरे का द्यावीत?

डुबकीआधी आरोग्याची माहिती देणारा फॉर्म भरून घेतला जातो. बरेच जण तो न वाचताच सही करतात. हजार किलोमीटर आल्यावर ‘नाही’ ऐकायची कोणाचीच तयारी नसते. दमा आहे असे लिहिले तर परत पाठवतील, म्हणून ‘नाही’वर खूण केली जाते. प्रत्यक्षात पर्यटकाच्या सुरक्षिततेसाठी हा कागद सगळ्यात महत्त्वाचा असतो. मार्गदर्शक कितीही कुशल असला तरी त्याला न सांगितलेला आजार तो सांभाळू शकत नाही.

दमा, अपस्मार अर्थात फिट येणे, हृदयविकार, पूर्वी फुप्फुसात हवा भरून झालेला आजार, कानाच्या पडद्याचे छिद्र किंवा शस्त्रक्रिया, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह, नुकतीच झालेली कोणतीही मोठी शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय पाण्यात उतरू नये. गर्भवतींनी डुबकी घेऊच नये. अपस्मारात धोका उघड आहे, पाण्याखाली झटका आला तर तोंडातला रेग्युलेटर सुटतो. दम्यात श्वासनलिका आकसून हवा छातीत अडकू शकते आणि वर येताना तीच हवा फुगते.

विदर्भाच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. सिकलसेल हा आजार पूर्व विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, श्रम आणि ऑक्सिजनची कमतरता यांनी सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. उन्हातली नाव, उलट्या आणि थंड पाणी यांमुळे हे सगळे एकाच दिवशी जुळून येऊ शकते. रुग्णांनी ही हौस टाळणेच योग्य. वाहकांनीही आधी डॉक्टरांना विचारावे आणि फॉर्मवर तसे नमूद करावे.

या सगळ्याचा सल्ला मालवणात गेल्यावर घेणे अवघड असते. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना ‘मी पाण्याखाली सहा-आठ मीटर जाणार आहे, चालेल का?’ असा थेट प्रश्न विचारावा. ज्यांना नकार मिळेल त्यांना नावेवरून मासे दिसतील, किल्ला पाहता येईल. मालवणात करण्यासारखे बरेच आहे.

प्रत्यक्ष दिवस कसा जातो?

सकाळी लवकरची वेळ घेणे चांगले, कारण तेव्हा बहुधा वारा कमी आणि समुद्र शांत असतो. नाश्ता हलका करावा, मात्र उपाशीपोटी जाऊ नये. नाव लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी गोळीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे, काही गोळ्यांनी गुंगी येते. आदल्या रात्रीपासून मद्य वर्ज्य. चष्मा मास्कखाली बसत नाही. दाट मिशी असेल तर मास्कमध्ये थोडे पाणी झिरपते, त्यामुळे घाबरू नये.

नावेवर सूचना देताना खुणा शिकवल्या जातात. त्यांतली एक नीट लक्षात ठेवावी. अंगठा वर करणे म्हणजे आपल्याकडे ‘मस्त’. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. ‘ठीक आहे’ सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. त्रास होत असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि मग कान, मास्क किंवा छाती, जिथे अडचण आहे तिथे बोट दाखवायचे. व्हिडीओसाठी कॅमेऱ्याकडे अंगठा दाखवणारे अनेक पर्यटक या गोंधळामुळे लवकर वर आले आहेत.

पाण्याखाली वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या आणि जवळ भासतात. लाल रंग आधी फिका पडतो, त्यामुळे सगळे निळसर-हिरवे दिसते. मालवणच्या पाण्यात दृश्यमानता रोज बदलते. जाहिरातीतील निळाशार समुद्र अनेकदा अंदमानचा किंवा लक्षद्वीपचा असतो. इथे गाळ असेल तर काही मीटरच दिसते. तेवढ्यातही प्रवाळ, पट्ट्यांचे छोटे मासे, पोपटमासे दिसतात.

नाव आणि चालक निवडताना काय पाहावे?

पाण्याखालचे पंधरा मिनिटे आणि नावेवरचे दोन तास यांत लोकांना भीती पहिल्याची वाटते. पण २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ घडलेली दुर्घटना पाण्याखाली घडली नव्हती. स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची नाव किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. त्यामुळे चौकशी नावेपासून सुरू करावी.

नावेला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का आणि किती प्रवाशांचा आहे, हे विचारावे. प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळाले पाहिजे आणि जाता-येता दोन्ही वेळा ते अंगावर असले पाहिजे. परतताना ‘आता किनारा आलाच’ म्हणून ते काढू नये. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा व्यावसायिकांनी नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणी आहे का, मार्गदर्शकाकडे कोणते प्रमाणपत्र आहे, नावेवर आपत्कालीन ऑक्सिजन आणि प्रथमोपचार आहेत का, हे प्रश्न बिनदिक्कत विचारावेत. टाकी पाठीवर असेल की नावेवरील टाकीतून लांब नळीने हवा येईल, हेही विचारून घ्यावे. पाडीच्या नियमांत ओळख-डुबकीसाठी समुद्रात एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त चार जण चालतात. पोहता न येणाऱ्याने मात्र ‘माझ्यासोबत एक माणूस पूर्ण वेळ असेल’ याची खात्री करूनच पैसे द्यावेत.

दर काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत असतात. त्यात नाव, सराव, व्हिडीओ, पाण्याखालचा वेळ यांपैकी काय येते हे आधी ठरवावे. शेदोनशे रुपये वाचवण्यासाठी सराव नसलेला पर्याय निवडणे महागात पडू शकते.

परतीच्या प्रवासाचा आणि डुबकीचा काय संबंध?

दाबाखाली श्वास घेतला की हवेतील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. पण त्याआधीच माणूस उंचावर गेला, तर बाहेरचा दाब आणखी घटतो आणि नायट्रोजनचे बुडबुडे बनू शकतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होते तसेच. म्हणून ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेची शिफारस आहे : एका साध्या डुबकीनंतर विमानप्रवासाआधी किमान १२ तास आणि एकाहून अधिक डुबक्या किंवा सलग दिवसांच्या डायव्हिंगनंतर किमान १८ तास थांबावे. सकाळी मालवणात डुबकी घेऊन दुपारी गोव्याहून नागपूरचे विमान पकडण्याचा बेत म्हणूनच टाळावा.

ही शिफारस साधारण ६०० मीटरहून अधिक उंचीवर जाण्यासाठी आहे. आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर आहे. म्हणजे गाडीने घाट चढूनही ही मर्यादा ओलांडली जाते. पाच-सहा मीटरच्या छोट्या डुबकीत हा धोका फार कमी असतो, तरी बेत आखताना स्कूबा शेवटच्या दिवशी न ठेवता आधी ठेवणे हा सगळ्यात सोपा उपाय. स्कूबा पहिल्या-दुसऱ्या दिवशी आणि मग किल्ला, देवबाग, बाजार. डुबकीनंतर सांधेदुखी, अंगाला मुंग्या, चक्कर, छातीत दुखणे किंवा धाप लागणे असे काही जाणवले तर ‘दमलो असेन’ म्हणून झोपू नये. तातडीने रुग्णालय गाठावे आणि स्कूबा केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आपण जिथे उतरतो ते पाणी कोणाचे?

सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा समुद्र हा १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा गाभा आहे. अभयारण्याचे एकूण क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. मासेमारीवर बंधने येतील म्हणून स्थानिक मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने राबवलेल्या सिंधुदुर्ग प्रकल्पात स्थानिक तरुणांना स्कूबा आणि स्नॉर्केलिंगचे प्रशिक्षण मिळाले. आज पर्यटकाचा हात धरून खाली नेणारा तरुण अनेकदा मच्छीमार कुटुंबातलाच असतो. प्रवाळ टिकले तरच मासे टिकतील आणि दोन्ही टिकले तर त्याचा रोजगार टिकेल.

प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते सजीवांची वसाहत आहे आणि ती अतिशय मंद वाढते. त्यावर उभे राहिल्याने, पाय आपटल्याने किंवा फोटोसाठी धरून बसल्याने ते मोडते. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळांना सर्वोच्च संरक्षण आहे, त्यामुळे ‘आठवण’ म्हणून तुकडा आणणे हा गुन्हा आहे. माशांना ब्रेड-बिस्किटे खाऊ घालून व्हिडीओ काढण्याची पद्धतही बंद व्हायला हवी. मार्गदर्शकाने देऊ केले तरी पर्यटकाने नको म्हणावे.

जायचे कधी आणि ठरवायचे कसे?

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पावसाळ्यामुळे जलपर्यटन बंद ठेवले जाते. या काळात कोणी चोरून नेण्याची तयारी दाखवली तर जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात चांगला. मालवणला रेल्वेने जाणाऱ्यांसाठी कुडाळ आणि कणकवली ही जवळची मोठी स्थानके आहेत. एक दिवस हाताशी जादा ठेवावा. समुद्र खवळला असेल तर डुबकी दुसऱ्या दिवशी ढकलता येते. जादा दिवस नसेल तर ‘आज नाही तर कधीच नाही’ या दडपणाखाली चुकीचे निर्णय घेतले जातात.

शेवटी, पैसे भरले, नाव सुटली, टाकी लावली तरी ‘मला नको’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थाही हेच शिकवतात : कोणीही, कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता डुबकी थांबवू शकतो. घरातील मोठ्यांनी हे मुलांना आणि एकमेकांना निघण्याआधीच सांगून ठेवावे. कोणी पाण्यातून परत आला तर त्याची थट्टा करायची नाही, हेही त्याच वेळी ठरवावे. ज्यांची तब्येत ठणठणीत आहे, ज्यांनी फॉर्म खरा भरला आहे आणि ज्यांना श्वास व कानाचे दोन नियम पाठ आहेत, त्यांच्यासाठी ती पंधरा मिनिटे मौद्यापासूनच्या हजार किलोमीटरच्या प्रवासाचे सार्थक करणारी ठरू शकतात.